पुस्तक बाहेर गेलंय

न्यायाधीश, तहसीलदार आणि ग्रंथपाल या तिघांचा दरारा त्यांच्या नकारावर उभा असायचा. पैकी पहिल्या दोघांना नकाराचं कारण निदान कागदावर द्यावं लागतं. ग्रंथपालाला ती सक्ती कधीच नव्हती. "बाहेर गेलंय" एवढंच तो म्हणायचा, तेही वहीतून मान वर न काढता, आणि प्रकरण निकालात निघायचं. परत कधी येईल असं कोणी धीर करून विचारलंच तर उत्तर मिळायचं, "आलं की कळेल." कसं कळेल, हे विचारण्याइतका धीट वाचक माझ्या पाहण्यात नाही.

जुन्या वाचनालयांची बांधणीच या नकाराच्या सोयीने केलेली असे. जाळीची खिडकी, खिडकीच्या अलीकडे वाचक, पलीकडे पुस्तकं आणि मधे ग्रंथपाल. बाहेरच्या बाकाला सुतळीने बांधलेली छापील यादी असे. ती चाळायची, चिठ्ठीवर पसंतीने तीन क्रमांक लिहायचे आणि चिठ्ठी जाळीखालून आत सारायची. शिपाई ती घेऊन कपाटांच्या बोळात नाहीसा होई. आतून आधी खोकल्याचा, मग स्टूल सरकवल्याचा आवाज येई आणि थोड्या वेळाने शिपाई चौथंच पुस्तक घेऊन उगवे. "तिन्ही नाहीत. हे न्या, चांगलंय." महाराष्ट्राची वाङ्मयीन अभिरुची समीक्षकांनी घडवली असं व्याख्यानांतून ऐकू येतं. माझ्या मते ती बऱ्याच अंशी शिपायाचा हात कोणत्या फळीपर्यंत पोचतो यावर घडलेली आहे. त्या काळी मधल्या फळीवरचे लेखक लोकप्रिय झाले आणि वरच्या फळीवरचे अभिजात राहिले.

'बाहेर गेलंय' या निकालाच्याही नाना परी होत्या आणि मुरलेल्या वाचकाला त्या आवाजावरून ओळखू येत. कधीमधी पुस्तक खरोखरच बाहेर गेलेलं असे, पण ते विरळा. बरेचदा ते बाइंडिंगला गेलेलं असे, आणि बाइंडिंगला गेलेलं पुस्तक परत येण्याची शाश्वती काशीला गेलेल्या माणसापेक्षा थोडी कमीच. नव्या कादंबऱ्या तर दाखल नोंदवहीतली शाई वाळायच्या आत कार्याध्यक्षांच्या घरी पोचत आणि सौभाग्यवतींच्या माहेरची माणसं वाचून संपेपर्यंत तिथेच मुक्काम करत. शिवाय एक खास प्रकार होता. पुस्तक ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात, अगदी हाताशी असायचं, पण तुमचं वय बघता ते बाहेर गेलेलं असायचं. "वडिलांना पाठव," असं पुढचं वाक्य आलं की समजायचं, पुस्तकात काहीतरी आहे. मग मित्रमंडळींत त्या पुस्तकाचं नाव कानोकानी होई. एखाद्या कादंबरीची याहून चांगली जाहिरात कोणत्याही प्रकाशकाला करता आलेली नाही.

हा दरारा काही आभाळातून पडला नव्हता. आपल्याकडची सार्वजनिक वाचनालयं जुनी. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं, कोल्हापूरचं १८५०चं. तेव्हा पुस्तकं महाग, पुष्कळशी विलायतेहून बोटीने येणारी. अशा वस्तूवर नेमायचा माणूस किल्ल्या सांभाळणारा हवा. हस्ताक्षर वळणदार, हिशेब चोख आणि शक्यतो वाचनाची आवड नसलेला. कारण वाचत बसणारा ग्रंथपाल म्हणजे चव घेत बसणारा वाढपी. पंगत उपाशी राहते. पुस्तक जागेवर असणं हे यश आणि बाहेर असणं ही जोखीम, असा सरळ हिशेब होता. वाचक ही जोखीम वाढवणारी व्यक्ती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कोणी मान खाली घालायला नको. हार्वर्डला एकोणिसाव्या शतकात सिब्ली नावाचे ग्रंथपाल होते, त्यांचा एक किस्सा या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. एकदा ते विद्यापीठाच्या आवारातून अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने निघाले होते. कोणीतरी कारण विचारलं. ते म्हणाले, "सगळी पुस्तकं जागेवर आहेत. फक्त प्राध्यापक अगासींकडे थोडी राहिलीत, तीच आणायला चाललोय." प्राध्यापकांकडून पुस्तकं परत आणणं हा विषय पुढे येणारच आहे, म्हणून इथे थांबतो.

या शिस्तीला आपल्याकडे पहिला धक्का दिला तो एका महाराजांनी. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथे त्यांनी माणसं कपाटापाशी जाऊन हाताने पुस्तक काढताना पाहिली आणि ते थक्क झाले. संस्थानिकाने थक्क होणं नवं नाही. पण बाकीचे संस्थानिक थक्क झाले की मोटार घेऊन येत. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. त्यांनी संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यांना पाठवली. म्हणजे पुस्तकं स्वतःहून, अधिकृतपणे, पेटीत बसून बाहेर जाऊ लागली. किल्ल्या सांभाळणाऱ्या जुन्या मंडळींना त्या पेट्या बघून काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही.

दुसरा धक्का मद्रासहून आला. शियाळी रामामृत रंगनाथन हे तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत मला परत गणिताकडे पाठवा म्हणून प्राचार्यांकडे धाव घेऊ लागले, कारण रिकाम्या वाचनालयात बसून ते कंटाळले होते. कामाचा कंटाळा आला म्हणून तक्रार करणारा हा बहुधा पहिला आणि शेवटचा ग्रंथपाल. बाकीच्यांनी त्या शांततेसाठीच अर्ज केलेला असतो. शेवटी तडजोड झाली, की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून यावं, मग काय ते ठरवावं. रंगनाथन गेले आणि परतले ते पछाडूनच. लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी ते ग्रंथालयात कामाला हजर झाले, असं सांगतात. त्यांच्या सौभाग्यवतींचं यावरचं मत कोणी नोंदवून ठेवलेलं नाही.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम: पुस्तकं वापरासाठी आहेत. आता जिन्यात 'येथे थुंकू नये' अशी पाटी असली की तिथे काय चालतं ते कळतं, तसंच हे. पुस्तकं वापरासाठी आहेत हे नियम करून सांगावं लागलं, यावरून ती कशासाठी आहेत असं तोवर मानलं जात होतं ते उघड आहे. पुढचे दोन नियम प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याचे, म्हणजे वधूवरसूचक मंडळाचे. चौथा वाचकाचा वेळ वाचवा म्हणतो. शिपायाच्या खोकल्याचं काय करायचं ते सांगत नाही. पाचवा नियम म्हणजे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. हा एकटाच आमच्याकडच्या वाचनालय समित्यांना मनापासून पटला. त्याप्रमाणे कित्येक वाचनालयं वाढली. तळमजल्यावर भाड्याचे गाळे निघाले, पहिल्या मजल्यावर साखरपुडे आणि मुंजींसाठी सभागृह झालं आणि पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली, सुखरूप पोचली.

रंगनाथन यांनी १९३३ साली पुस्तकांचं वर्गीकरण करण्याची स्वतःची पद्धत काढली. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना ती सुचली. चार पट्ट्या, चार स्क्रू, आणि त्यातून हवं ते जोडा. बी.लिब.च्या विद्यार्थ्यांनी मग ते क्रमांक जोडण्यात, त्यातली विरामचिन्हं सांभाळण्यात आणि घरचे झोपल्यावर रडण्यात तारुण्य घालवलं. पदवी घेऊन ते नोकरीला लागले तेव्हा कपाटांवर ऑइलपेंटने 'कथा', 'कादंबरी', 'चरित्र' आणि 'इतर' असं लिहिलेलं होतं. 'इतर' हे महाराष्ट्रातलं सर्वांत सर्वसमावेशक कपाट. त्यात वेदांतापासून कुक्कुटपालनापर्यंत काहीही मिळतं, फक्त शोधलेलं मिळत नाही.

जिथे शास्त्र पाळलं गेलं तिथे मेलविल ड्युई या अमेरिकन गृहस्थांची १८७६ची दशांश पद्धत आली. तिचा थाट मोठा. जगातलं सगळं ज्ञान शून्य ते नऊ या दहा खणांत. पण खणांची वाटणी ज्याने केली त्याच्या घरचा कल त्यात दिसतोच. धर्माला २००चा खण दिला, त्यातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला गेली आणि बाकीच्या सगळ्या दुनियेला मिळून २९० उरला. तेहतीस कोटी देवांची सोय २९४.५ मध्ये, दशांश चिन्हाच्या पलीकडे. इंग्रजी साहित्याला अख्खा ८२०, मराठी साहित्याला ८९१.४६. पत्ता इतका आतला की टपालवाल्यानेही विचारत यावं. त्यात ज्ञानेश्वरी आली की ग्रंथपालाची परीक्षा. गीतेवरची टीका म्हणून २९४.५ मध्ये ठेवावी, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६ मध्ये? एका जागी ठेवली तर वारकरी नाराज, दुसऱ्या जागी ठेवली तर मराठीचे प्राध्यापक. माझ्या माहितीतल्या एका ग्रंथपालांनी हा वाद सोडवला होता. त्यांनी ज्ञानेश्वरी टेबलावर, वहीशेजारी ठेवली. येणारे दोन्ही पक्षांचे लोक नमस्कार करत आणि पुढे जात.

उपवासाच्या पदार्थांचं पुस्तक पाककलेत घालायचं की धर्मात, हा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. आणि जिथे पुस्तक न उघडता नावावरून वर्गीकरण चालतं, तिथे 'स्वामी' अध्यात्मात, 'रणांगण' युद्धशास्त्रात, 'एक शून्य बाजीराव' पेशवाईच्या इतिहासात आणि 'बटाट्याची चाळ' गृहनिर्माणात किंवा शेतीत बसली तर नवल नाही. वाचकाला हवं ते मिळत नाही खरं, पण युद्धशास्त्राचा अभ्यासक प्रेमकथा वाचून घरी जातो. त्यात जगाचं काही वाईट झालेलं नाही.

एवढं सगळं शास्त्र येऊनही वाचनालय चालायचं ते ग्रंथपालाच्या डोक्यावर. आमच्या गावातले जुने ग्रंथपाल बी.लिब. नव्हते, पण वाचक जे मागतो ते पुस्तकाचं नाव नसतं हे ज्ञान त्यांना होतं. "ते द्या ना, गेल्या वेळी नेलं होतं त्याच्या आधीचं, लाल कव्हरचं, ज्यात ती शेवटी विहिरीत उडी मारते." यावर ते शांतपणे विचारायचे, "कपाळावर कुंकू असताना उडी मारते का नसताना?" आणि उत्तर मिळताच शिपायाला क्रमांक सांगायचे. हे कोणत्याही पद्धतीच्या कोणत्याही खणात बसत नाही. गावातल्या कुठल्या घरात सासूला आध्यात्मिक लागतं, सुनेला सामाजिक लागतं आणि सासऱ्यांना आध्यात्मिकाच्या आत घालून बाबूराव अर्नाळकर लागतात, हे त्यांना पाठ. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि सासरेबुवांनी त्यांतल्या कोणत्या वाचल्यात ही यादी खुद्द सासरेबुवांकडे नव्हती, ग्रंथपालांकडे होती. वाचलेलीच पुन्हा दिली तर अर्ध्यावर खुनी आठवतो आणि वर्गणी फुकट जाते.

खुनी आठवण्याची गरजही सहसा पडत नसे. कोणीतरी परोपकारी वाचक बाराव्या पानावर समासात बाण काढून 'हाच तो' असं लिहून ठेवी. समासातला हा मजकूर ही मराठीतली खरी वाचकसमीक्षा. 'थापा!' 'लेखकाने कोकण पाहिलेले नाही.' 'पाहिले आहे. आपण पाहिले नसावे.' 'दोघांनी वाचनालयाचे पुस्तक खराब करू नये.' हे तिसरं वाक्य सुवाच्य अक्षरात, शाईत, ग्रंथपालांचं असे.

टेबलाच्या डाव्या हाताला लांबट लाकडी ट्रे, त्यात वाचकांच्या नावाची खाकी पाकिटं आणि पाकिटात पुस्तकांची कार्डं. हाताशी तारखेचा रबरी शिक्का. त्याचे आकडे टाचणीने फिरवायचे, आणि महिनाअखेरीला ३१वरून १वर येताना तो हमखास अडकायचा. मग एखाद्या वर्षी तीस फेब्रुवारीला परत करायची पुस्तकंही गावात फिरत. ग्रंथपालाच्या उजव्या अंगठ्याला जांभळी शाई कायमची. मतदानाची शाई पंधरवड्यात जाते, ही निवृत्तीनंतरच जायची. डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला आणि जुन्या कागदाचा वास यांचं एक अत्तर त्यांच्या सदऱ्याला लागलेलं असे. त्यांच्या घरची माणसंही ते दारात आले की न बघता ओळखत.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि ग्रंथपालाच्या आयुष्यात सरकार आलं. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, वर्गाप्रमाणे अनुदान. आजमितीला अशी अकरा-बारा हजार वाचनालयं राज्यात आहेत, आणि या कायद्याचं श्रेय निर्विवाद मोठं आहे, हे थट्टेच्या भरातही सांगितलं पाहिजे. आडगावच्या पोरांना पेपर वाचायला मिळाला तो त्यामुळे. पण अनुदान आलं की नोंदवह्या आल्या. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणी, अनामत, जडसंग्रह, नियतकालिकं, अभिप्राय, दैनंदिन वाचकांच्या सह्यांचं रजिस्टर. ग्रंथपाल पुस्तकांकडून वह्यांकडे सरकला. तपासणीची तारीख कळली की वाचनालयात एकदम चैतन्य येई. वर्षभर न आलेले वाचक एका संध्याकाळी, एकाच पेनाने, वर्षभराच्या सह्या करत. तपासणी अधिकारी अनुभवी असत. ते म्हणत, "तुमच्या गावात सगळ्यांचं अक्षर फार छान आहे हो." ग्रंथपाल म्हणत, "वाचनाचे संस्कार, साहेब."

आणि पगार? तो विषय विनोदी लेखात बसत नाही. अर्धवेळ काम, पूर्णवेळ जबाबदारी, आणि अनुदानाचा हप्ता येईपर्यंत किराणा उधार. किराणावाला वाचनालयाचा सभासद असेल तर त्याला विलंब शुल्क लावायचं नाही, एवढी मुत्सद्देगिरी त्या पगारात अनुस्यूत होती.

मग संगणक आला. सरकारी संस्था, विद्यापीठं, मोठी वाचनालयं यांनी आधी घेतला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडण्यासाठी इन्फ्लिबनेट १९९१ साली सुरू झालं, हळूहळू कॉलेजांतही सॉफ्टवेअर पोचलं. गावच्या वाचनालयात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला हार घातला, पेढे वाटले, त्यावर भरतकामाचं झाकण घातलं आणि पुढची दोन-तीन वर्षं ते काढलं नाही. काढलं तेव्हा कळलं की सगळी यादी आता त्यात भरायची. ती भरायला बसलेल्या मुलांनी पुस्तकांची नावं रोमन लिपीत घातली, ज्याला जसं सुचलं तसं. 'कोसला' एका ठिकाणी के घालून, एका ठिकाणी सी घालून, आणि एका ठिकाणी 'कौसल्या' म्हणून. पुढे कोणी उत्साही माणसाने मराठी फॉन्ट आणून सगळं देवनागरीत केलं. नंतर संगणक बदलला, नव्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, आणि अख्खं मराठी वाङ्मय एका रात्रीत चौकोन, त्रिकोण आणि प्रश्नचिन्हांत रूपांतरित झालं. इतकं प्रयोगशील ते त्याआधी कधीच नव्हतं.

पण खरा घाव वेगळाच होता. संगणकाच्या पडद्याला दोन बाजू नसल्या तरी तो फिरवता येतो. वाचकाने पुस्तकाचं नाव टाकलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत येई: उपलब्ध. आता सांगा, 'बाहेर गेलंय' म्हणायचं कसं? दीडशे वर्षांची पुण्याई त्या हिरव्या अक्षरांनी एका झटक्यात धुऊन काढली. त्यात मुक्तद्वार पद्धत आली, जाळीची खिडकी भंगारात गेली, वाचक स्वतः कपाटांत शिरू लागले. जुन्या ग्रंथपालांपैकी काहींनी एक क्षीण प्रतिकार केला. ते म्हणत, "कंप्युटर उपलब्ध म्हणतोय, पण आहे का बघा." आणि गंमत म्हणजे पुस्तक खरोखरच जागेवर नसे, कारण आधीच्या वाचकाने मुक्तद्वाराने शिरून ते नंतर न्यायला म्हणून पाककलेच्या मागे लपवलेलं असे. नकाराचा अधिकार ग्रंथपालाच्या हातून गेला तो असा थेट वाचकाच्या हातात.

आज आमच्याकडच्या वाचनालयात गेलात तर जागा मिळणार नाही, इतकी गर्दी. महापुरुषांच्या तसबिरींना बरं वाटावं अशी. ही सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं. पहाटे रांग लावतात, रात्री हाकलल्यावर जातात, पुस्तकं घरून आणतात. वाचनालयाच्या पुस्तकाला त्यांच्यापैकी कोणी हात लावला तर तो डेस्क डुगडुगतो म्हणून पायाखाली घालायला. पाण्याची बाटली ठेवली की खुर्ची राखीव, हा तिथला अलिखित कायदा. बाटली कोणाची, ती किती तासांपूर्वी ठेवली आणि अर्धी भरलेली बाटली पूर्ण आरक्षण धरायचं का, यावरचे तंटे रोज ग्रंथपाल मॅडमपुढे येतात. भारतीय राज्यघटना पाठ असलेली मुलं भांडताना कलमांसकट भांडतात. मॅडम ग्रंथालयशास्त्रातल्या द्विपदवीधर. त्यांचा दिवस पंख्याचा वेग, चार्जिंगचे पॉइंट, वायफायचा पासवर्ड आणि पाण्याच्या कूलरचा नळ यांत जातो. "मॅडम, एक विचारू?" म्हणून कोणी पुढे आलं की त्यांच्या डोळ्यांत क्षणभर आशा चमकते. तो विचारतो, "एसी कमी होईल का?"

पुस्तकासाठी येणारे उरलेत ते बहुतेक पासष्टीच्या पुढचे. ते येऊ शकले नाहीत तर मॅडम घरपोच सेवा देतात, फोन करून विचारतात, दिवाळी अंकांच्या योजनेचे निरोप पाठवतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी शाळेची मुलं रांगेने येतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिलं जातं, फोटो निघतो, पुस्तकं परत घेतली जातात. मागे एका मुलीने पुस्तक परत द्यायला नकार दिला. तिला गोष्ट पुढे वाचायची होती. कार्यक्रमाचं वेळापत्रक कोलमडलं, अध्यक्ष ताटकळले, शिक्षिका डोळे वटारू लागल्या. मॅडमनी तिथल्या तिथे तिला बालसभासद करून घेतलं आणि वर्गणी आपल्या पर्समधून भरली. अहवालात या प्रकाराला रकाना नव्हता.

तरुणांपैकी कोणी पुस्तक मागितलंच तर ते असं: "मॅडम, याची पीडीएफ आहे का?" म्हणजे आता पुस्तक वाचनालयात आहे, जागेवर आहे, बाहेर जायला उत्सुक आहे, आणि वाचक म्हणतो, नको.

कॉलेजच्या ग्रंथपालांची तऱ्हा थोडी निराळी. त्यांच्या मागे नॅकची समिती, ई-संसाधनं, आणि कोणी किती मिनिटं काय उघडलं याचे आलेख. पण त्यांच्या हातात एक जुनं शस्त्र शिल्लक आहे. प्राध्यापक निवृत्त होतो तेव्हा ग्रंथालयाची बाकी नाही असा दाखला लागतो, त्याशिवाय पेन्शनचे कागद हलत नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी नेलेली पुस्तकं माळ्यावरून, माहेरून, क्वचित मुलाच्या अमेरिकेतल्या घरून निघतात. सिब्लीसाहेबांना अगासींच्या दारात जावं लागलं. आपल्याकडे अगासी स्वतः, रिक्षात पुस्तकं घालून, घामाघूम होत येतो.

आणि अगदी अलीकडे या मंडळींना एक नवं शस्त्र मिळालंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ साली नियम केले. प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासायचा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर माफ, चाळीसपर्यंत गेलं तर सुधारून आणायचा, साठपर्यंत गेलं तर वर्षभर घरी बसायचं आणि त्याहून पुढे नोंदणीच रद्द. हे तपासण्याचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाकडे आलं. ज्या ग्रंथपाल बाईंना विभागप्रमुख जिन्यात ओळख दाखवत नसत, त्यांच्या केबिनबाहेर ते आता हातात पेनड्राइव्ह घेऊन उभे असतात. बाई मान वर न काढता पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, "सर, त्रेचाळीस." सर म्हणतात, "त्यातले अवतरणांचे वगळले तर?" बाई म्हणतात, "वगळूनच सांगितले."

टक्का उतरवायचा म्हणजे वाक्यं तीच ठेवून शब्द बदलायचे, असा पुष्कळ संशोधकांचा समज आहे. यंत्राला सांगून वाक्यं फिरवून घेणारेही निघालेत, पण ज्येष्ठ मंडळींचा विश्वास अजून कोशावर. अशाच एका ग्रंथालयात रॉजेचा थिसॉरस होता. आत चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर १९८७चा एकच शिक्का, आणि तोही शाई आहे का बघायला मारल्यासारखा तिरपा. कोश कधीचा निर्लेखनाच्या यादीत पडून होता, नुसता ठराव व्हायचा होता. तो वाचला. दोन वर्षांत ती चिठ्ठी खालपर्यंत भरली, वर दुसरी डकवावी लागली, पुठ्ठा सुटला, पुस्तक पहिल्यांदाच बाइंडिंगला गेलं आणि मागणी वाढल्यामुळे आणखी चार प्रतींचं मागणीपत्र निघालं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं रंगनाथन म्हणाले होते ते हेच. मागणीपत्रावर कारणाचा रकाना असतो. त्यात विभागप्रमुखांनी स्वहस्ते लिहिलं होतं, 'संशोधनात मौलिकता वाढीस लागावी म्हणून'.